कपाटामागची खिडकी

रविवारी दुपारी जिजाबाई येणार होती, आणि बुधवारपासूनच माझं बूड एका जागी टेकत नव्हतं.

येणार म्हणजे कायमची नव्हे. पारशिवनीला भावाकडे जाऊन तिला बावीस दिवस झाले होते. मंगळवारी फोनवर तिनं सरळ सांगून टाकलं, "येईन, पण दोन दिवस. तेवढ्यात श्वास लागला तं आपल्या साड्या घेऊन परत जाईन जी. मंग मले बोलावू नका." छत्तीस वर्षांत या बाईनं माझ्यापुढे कधी अट घातली नव्हती. मी फोन ठेवला आणि काय बोलायचं राहिलं ते आठवत तसाच उभा राहिलो.

तिचा खोकला तीन हिवाळ्यांपासूनचा. दिवाळी झाली की सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. पोळ्या लाटता लाटता ती थांबायची, ओटा धरून उभी राहायची, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. पारशिवनीला गेली की चौथ्या दिवशी खोकला गायब, परत आली की दोन दिवसांत हजर. खरं सांगतो, मला हे माहेरचं नाटक वाटायचं. तिथं तर तिची भावजय चुलीवर भाकरी थापते, धूर काय कमी असतो? चुलीच्या धुरात ही ठणठणीत आणि माझ्या गॅसच्या, टाइल्सच्या घरात आजारी! हे मी तिला तोंडावर ऐकवलंही होतं. तिची भावजय उघड्या ओसरीत बसून स्वयंपाक करते, चहूबाजूंनी वारा असतो, हे मला दिसत असूनही सुचलं नाही.

आणि सुचायला हवं होतं ते मलाच. मी ताराचंद, पस्तीस वर्षं कुलरचा धंदा केलेला माणूस. नागपुरातल्या अर्ध्या नंदनवन वस्तीच्या खिडक्यांत माझ्या हातचे कुलर बसलेत. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, मोटर बांधायची, पंप साफ करायचा, सगळं केलं. लोक तक्रार घेऊन यायचे, "भाऊ, कुलर थंडाच नाही करून राहिला." मी जायचो, उदबत्ती पेटवून खोलीत धरायचो. धूर वाकला नाही की समजायचं, या लोकांनी सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्यात. मग माझं ठरलेलं भाषण. हवा आत घेतली तर तिला बाहेर जायला वाट द्या, नाहीतर ती तिथंच कुजते. हे मी हजार घरांत सांगितलं असेल. सांगताना आवाजही जरा चढवायचो, म्हणजे माणूस विसरत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी स्वतःसाठी झुणका करायला घेतला. तोवर शेजारच्या यमुताईंच्या डब्यावर दिवस काढले होते, त्या दिवशी त्या लग्नाला गेल्या होत्या. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, वरून चांगलं मूठभर तिखट टाकलं. पुढच्या क्षणी माझा घसाच धरला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकता खोकता मी कसाबसा गॅस बंद केला आणि पळत समोरच्या खोलीत आलो. दहा मिनिटांनी परत गेलो तर ठसका तसाच खोलीत बसून होता. माझ्या घराच्या स्वयंपाकघरात फोडणी पडताना मी आयुष्यात कधी उभाच राहिलो नव्हतो. मी असायचो समोरच्या खोलीत, ताट यायची वाट पाहत. ती मात्र रोज दोन वेळा तिथं होती.

झुणका तसाच टाकून मी पाव खाल्ला.

गुरुवारी सकाळी कामाला लागलो. आधी समोरची खिडकी. तिच्यात आमचा कुलर बसलेला असतो, बारा महिने. सगळं नागपूर असंच करतं. दिवाळी झाली की कुलरला प्लास्टिकची पन्नी गुंडाळायची आणि मार्चपर्यंत तो खिडकी अडवून बसतो. मी पन्नी सोडली, पाणी नसलेला कुलर ओढत अंगणात आणला, खिडकी सताड उघडली. दार उघडलं. थंडी आत आली, मी मफलर गुंडाळला. मग स्वयंपाकघरात जाऊन उदबत्ती लावली आणि मधोमध धरून उभा राहिलो.

धूर सरळ वर गेला. छतापर्यंत गेला आणि तिथंच पसरून राहिला. मी कोपऱ्यात धरून पाहिली, ओट्याजवळ धरून पाहिली, स्टुलावर चढून पाहिली. एवढासाही वाकेना. हजार घरांत जे भाषण दिलं, ते ऐकायला आता या घरात मी एकटाच होतो.

घर कसं आहे ते सांगतो. प्लॉट बापाचा, दोन भावांत मधोमध वाटलेला. इकडे मी, तिकडे धाकटा गोविंदा, मध्ये तीन फुटांची गल्ली. माझ्या तीन खोल्या एकामागे एक, स्वयंपाकघर सगळ्यांत मागे. मागची आणि डावीकडची भिंत दुसऱ्यांच्या घरांना चिकटलेली. म्हणजे हवेला दोनच वाटा. एक समोरून, आणि दुसरी स्वयंपाकघरातून गल्लीकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीपुढे लोखंडी कपाट उभं आहे. स्वयंपाकघरात कपडे ठेवायचं कपाट असलेलं नंदनवनातलं आमचं एकच घर असेल. जिजाबाई त्यात डाळी आणि पापडांचे डबे ठेवते.

ते कपाट तिथं अकरा वर्षांपूर्वी मीच लावलं.

त्या वर्षी गोविंदानं नवा कुलर घेतला. बसवायला दुसरं कोण, मीच. त्याचं घर कोपऱ्यावरचं, पलीकडच्या रस्त्याकडेही त्याला दार आहे, खिडकी आहे. पण नळ गल्लीत होता, पाणी भरायला सोपं म्हणून मी कुलर गल्लीकडच्या खिडकीत ठोकला. नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. कुलर बाहेरची हवा ओढून घरात फेकतो, हे शेंबडं पोर सांगेल. माझ्या डोक्यात आलं नाही. आठ दिवसांनी बायजाबाई, गोविंदाची बायको, खिडकीतून जिजाबाईला म्हणाली, "बाई, तुमच्या फोडणीचा सारा ठसका आमच्या घरात येऊन राहिला. पोरगी खोकून राहिली जी." मी मधल्या खोलीत होतो. माझ्यासमोर एरवी पदर पुढे ओढून गप्प राहणारी ही बाई, आणि तिनं माझ्या कामातली चूक काढली! आणि चूक खरी होती, म्हणून जास्त झोंबलं.

गोविंदानं मागून समजुतीनं म्हटलं, "दादा, कुलर दुसरीकडं लावून दे ना गा." मी म्हणालो, कुलर बरोबर लागलाय, त्रास आमच्या फोडणीचा असेल तर फोडणीच बंद करतो. शब्दाला शब्द लागला. बाप वारल्यावरच्या, वाटणीच्या, कुणी कुणाला कधी विचारलं नाही अशा सगळ्या गोष्टी निघाल्या. त्याच दुपारी मी ते कपाट ओढत नेऊन खिडकीला लावलं. गल्लीच्या तोंडाशी पत्रा ठोकला. आणि जिजाबाईला म्हणालो, "त्या घरातल्या कोणाचं नाव या घरात काढशील तं तुले माह्या जिवाची शपथ हाय." असलं पुष्कळ काही त्या दिवशी बोललो असेन.

गोविंदाच्या बाजूचा रस्ता तेव्हापासून मी टाळला. किराणाही लांबच्या दुकानातून आणला.

त्या कपाटाची आठवण मला आधी एकदा झाली होती, दोन महिन्यांपूर्वी, रामदासपेठेत डॉक्टरसमोर बसलो असताना. त्यांनी एक्स-रेचा फोटो पाहिला, छाती तपासली आणि विचारलं, "स्वयंपाकघराला खिडकी आहे का?" जिजाबाई काही बोलायच्या आत मी म्हणालो, "आहे की. मोठी आहे." डॉक्टर म्हणाले, मग ती आणि समोरची, दोन्ही उघडी ठेवत जा, हवा खेळती पाहिजे. मी मान डोलावली. जिजाबाईनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर आल्यावर मी तिला ज्यूस पाजला.

शुक्रवारचा दिवस मी पळवाटा शोधण्यात घालवला. मागच्या भिंतीला भोक पाडता येईल का? तिकडे शेजाऱ्याचं बाथरूम. छतातून पाइप काढला तर? वर पाण्याची टाकी. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं घरभर फिरून पाहिलं आणि कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "याच्यामागं काय हाय काका?" मी म्हटलं, काही नाही. तो गेला. मग मी मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात अशा चकरा मारत राहिलो. बसलो की वाटायचं, रविवार जवळ आला. उठलो की वाटायचं, उठून करायचं काय? मला भीती वाटत होती. ती परत गेली तर या घरात मी कुणावर ओरडणार होतो?

शनिवारी सकाळी चहासुद्धा न घेता मी कपाट रिकामं करायला घेतलं. डाळींचे डबे, पापड, कुरड्या, पितळेची भांडी, सगळं जमिनीवर मांडलं. कपाट हलेना. तेल सोडलं, पहार लावली, एका बाजूनं रेटलं, मग दुसऱ्या बाजूनं. त्रेसष्टाव्या वर्षी हे करायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला. वीत वीत करत ते मधल्या खोलीत गेलं, तेव्हा अकरा वाजले होते. भिंतीवर कपाटाच्या मागे खिडकीच्या वरपर्यंत काळपट, चिकट थर होता. बोट लावलं तर बोट पिवळं झालं. फोडणीचं तेल आणि धूर, अकरा वर्षांचा. गोविंदाच्या घरात जाऊ द्यायचा नाही म्हणून मी अडवलेला. तो कुठं जाणार होता? काही या भिंतीवर बसला आणि बाकीचा तिच्या छातीत गेला. मी तिथंच फरशीवर बसलो.

मग बिजागऱ्यांना तेल घातलं. कडी गंजली होती, हातोडीनं ठोकून सोडवली. पल्ले उघडले.

समोर कुलर नव्हता.

समोर गोविंदाची खिडकी होती, साधी, गजांची, उघडी. गजांमागे बायजाबाई मेथी निवडत बसली होती. केस पिकले होते तिचे. मला पाहून तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. सवयीनं तिनं पदर डोक्यावर घेतला.

अकरा वर्षांनी काय बोलायचं असतं? माझ्या तोंडून निघालं, "कुलर कुठं गेला?"

"तो?" ती म्हणाली. "तो तं त्याच आठवड्यात तिकडच्या खिडकीत नेला, भाऊजी. रस्त्याकडं."

"काहून?"

"तुमची खिडकी उघडावी म्हणून." मग ती म्हणाली, "बाईले सांगितलं होतं मी, तेव्हाच. भाजीवाल्यापाशी भेटल्या होत्या. म्हटलं, भाऊजींना सांगा."

मला आठवलं. त्या उन्हाळ्यात गल्लीतून मोटरचा आवाज यायचा एकदम बंद झाला होता. मोटर कुणाची आणि तिचा बुश किती झिजलाय हे आवाजावरून सांगणारा मी, तेव्हा काय समजलो? की कपाट बरं लागलं, आवाज अडला.

मी खिडकीपासून बाजूला झालो. आणि खरं सांगतो, तेव्हा मला माझा नाही, जिजाबाईचा राग आला. हिला माहीत होतं! अकरा वर्षं माहीत होतं, आणि हिनं एका शब्दानं सांगितलं नाही. डॉक्टरसमोरसुद्धा नाही. उद्या येऊ दे, विचारतोच, असं मी घरात चकरा मारत मोठ्यानं म्हणत होतो.

रविवारी एकच्या सुमारास ती आली. हातात कापडी पिशवी, तोंडाला पदर बांधलेला. पिशवी खाली न ठेवताच ती समोरच्या खोलीतून मधल्या खोलीत आली, कपाटाला वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं. तिनं तोंडाचा पदर सोडला.

"उघडली," ती म्हणाली.

मी विचारायचं ठरवलेलं विचारलंच. "कुलर तिथं नाही, हे तुले माहीत होतं. अकरा वर्षं. सांगितलं काहून नाही?"

समोरच्या घरात भांडी वाजत होती. तिनं तिकडे पाहिलं, ओठ हलले आणि थांबले.

"बोल ना वं!" मी ओरडलो.

"आधी सुटली म्हणा."

"काय सुटली?"

"शपथ." ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या जिवाची घातली होती. त्या घरातल्या कोणाचं नाव काढायचं नाही म्हणून. विसरले काय?"

मी विसरलो होतो. पार विसरलो होतो. "अवं, मी रागात बोललो होतो..."

"तुमचा तो राग होता. मले तं तुमचा जीव होता ना जी." पिशवी तिनं अजून हातातच धरली होती. "डॉक्टरपाशी तोंडापर्यंत आलं होतं, की खिडकी हाय पण तिच्यासमोर कपाट हाय. पण मंग कपाट काहून हाय, ते सांगा लागलं असतं. नाव घ्या लागलं असतं. गिळून टाकलं. खोकल्यानं माणूस लगेच नाही मरत. शपथ मोडली अन् तुम्हाले काही झालं असतं तं?"

मला स्वतःची लाज वाटली, एवढी की तिच्याकडे बघवेना. मी भिंतीवरच्या त्या पिवळ्या थराकडे पाहत म्हणालो, "सुटली."

"तीनदा म्हणा. तशी नाही सुटत."

"सुटली. सुटली." मी म्हणालो.

तिनं पिशवी खाली ठेवली, खिडकीशी गेली, गजांना धरलं आणि हाक मारली, "बायजा! ओ बायजा!" तिकडून भांडी वाजायची थांबली. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी मधल्या खोलीत कपाटाआड जाऊन डोळे पुसत होतो.

परत आलो तर जिजाबाईनं कढई ठेवली होती. "आता काहून?" मी म्हटलं, "बस, चहा घे."

"पाहू तं द्या," ती म्हणाली. तेल तापलं. मोहरी तडतडली. तिनं मूठभर तिखट टाकलं. मी श्वास रोखला. ठसका उठला, क्षणभर तिच्या तोंडाभोवती घुटमळला, मग हळूहळू वाकला आणि खिडकीतून गल्लीत, गल्लीतून समोरच्या खिडकीत गेला. समोर कुणीतरी जोरात खोकलं. गोविंदाच होता, खोकण्याची ढब बापासारखी. आता काहीतरी ऐकावं लागणार, असं समजून मी तयारच झालो.

"दादा!" गोविंदानं तिकडून हाक दिली. परत खोकला. "थांब गा जरासा! इकडचं दार उघडून राहिलो. जाऊ दे पार रस्त्यापर्यंत!"

कडी वाजली. आणि मी पाहिलं, खिडकीतला धूर एकदम सरकला, कुणी पलीकडून ओढल्यासारखा. जिजाबाई छातीवर हात ठेवून उभी होती, खोकल्याची वाट पाहत. तो आला नाही. एकदा घसा खाकरला, बस.

"दोन दिवस म्हटलं हाय मी," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "उद्याचं उद्या पाहू."

"पाहू," मी म्हणालो.

मग तिनं पिशवी उघडली. वर तिच्या दोन साड्या होत्या, खाली तुरीच्या शेंगा, भावाच्या शेतातल्या. साड्या तिनं बाजूला ठेवल्या. अर्ध्या शेंगा तिथंच परातीत ओतल्या आणि अर्ध्या तशाच पिशवीत ठेवून पिशवी माझ्यापुढे धरली. "बायजाच्या घरी द्या."

मी खिडकीकडे वळलो, गजांमधून हात घालायला. तिनं पिशवी मागे घेतली.

"खिडकीतून नाही. दारानं जा."

मी चप्पल घातली. अंगणातून बाहेर पडलो, कोपऱ्यावर आलो आणि अकरा वर्षं न चाललेल्या रस्त्याला वळलो. पाय भराभर पडत होते, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. दहा-बारा पावलांवर त्याचं घर. गोविंदा उंबऱ्यात दार धरून उभा होता, खोकून डोळे लाल झालेले. आणि त्याच्या मागून, उघड्या दारातून, माझ्या घरच्या फोडणीचा वास रस्त्यावर येत होता.